पाहुण्यांना सगळं देऊन टाक

…नाही, तसं नाही झालं. तू ऐकलंस ते तुझ्या आत्याच्या सासूच्या तोंडून ऐकलंस, आणि त्या बाई मीठमसाला लावल्याशिवाय घड्याळातली वेळसुद्धा सांगत नाहीत. तुझ्या आत्यानं दिराचा धंदा बुडवला नाही. तिनं तो दोनदा वाचवला आणि दोन्ही वेळेला शिव्या खाल्ल्या. आता मी सांगते तसं घे लिहून, आणि मध्ये मध्ये शहाणपणा करून माझे शब्द बदलू नकोस.

तिला कचेरीत नन्ना म्हणतात, हे ठाऊक आहे ना तुला? मागे नाही, तोंडावर म्हणतात. कोणी काही मागायला गेलं की आधी ‘नाही’, आणि मग ‘हवंय कशाला ते सांगा’. नन्नाचा पाढा. कोणीतरी तिच्या टेबलाला चिठ्ठी चिकटवली होती, ‘नाही. पुढचा या.’ तिनं ती काढली तर नाहीच, वर चिकटपट्टी सुटली तेव्हा स्वतः नवी लावली. अशी आहे ती.

पण ही खोड तिला आमच्याच घरात लागली. आम्ही खोल्या भाड्यानं द्यायचो तेव्हा. नऊ खोल्या, एक जिना, गच्चीवर एक टाकी. वरच्या मजल्यावर एक टंकलेखक राहायचा, त्याच्या नळाला पाणी बारीक यायचं. सज्जन माणूस, जिन्यात बाई दिसली की भिंतीला चिकटून उभा राहायचा. त्यानं तुझ्या आजोबांच्या मागे लकडा लावून गच्चीची किल्ली मागून घेतली. आजोबा भिडस्त. दिली. आता टंकलेखकानं काही वाईट केलं नाही हं. पण त्याच्याकडे मेव्हणा आला राहायला. त्याला आंघोळीला पाण्याचा जोर पाहिजे, म्हणून तो वर गेला, खालच्या सगळ्यांचे व्हॉल्व बंद केले, आणि किल्ली खिशात घालून गेला आपल्या गावाला. तळमजल्यावर कपडे धुऊन देणारी बाई होती. दोन दिवस तिचे लोकांचे कपडे साबणात भिजत पडले, वास मारायला लागले. ती शिव्या कोणाला घालणार? टंकलेखकाला? छे. जिन्याखाली उभी राहून तासभर आजोबांचा उद्धार केला तिनं. आणि अकरा वर्षांची तुझी आत्या कठड्याला धरून ऐकत होती. संध्याकाळी मला म्हणाली, “आई, त्याला पाणी हवं होतं ना? मग बादली द्यायची. किल्ली कशाला दिली बाबांनी?”

मी म्हटलं, गप बस, मोठ्यांच्यात बोलू नये. माझीच चूक. बरोबर बोलत होती.

तिचं काम काय, हे मला कळायला चार वर्षं लागली, तुला एका दमात सांगते. एक मोठं यंत्र असतं, सर्व्हर. त्याच्या पोटात चाळीस खोल्या केलेल्या असतात, खऱ्या नाही, मानलेल्या. एकेक खोली एकेका गिऱ्हाइकाला. कोणाची शाळा आहे, कोणाची रक्त तपासायची लॅब, कोणाचं बसचं वेळापत्रक. आत बसलेल्याला वाटतं अख्खं यंत्र आपलंच. कचेरीत मोठ्या यंत्राला म्हणतात यजमान आणि आतल्या चाळीस जणांना म्हणतात पाहुणे. पाहुणा सात, पाहुणा एकोणतीस, असं. यजमानाची किल्ली नन्नाकडे.

पण मेख अशी, की त्या खोल्यांना भिंती नाहीत, पडदे आहेत. सगळ्या चाळिसांचं मूळ एकच. कर्नेल म्हणतात त्याला, मी आपली टाकी म्हणते. पाहुण्यानं आपल्या खोलीत उलटं टांगून घ्यावं, कोणी विचारणार नाही, पण टाकीला हात लावायचा नाही. त्याला जादा अधिकार दिले की पडदा बाजूला होतो. टाकीपर्यंत पोचला की चाळीसच्या चाळीस खोल्या त्याच्या. त्याच्या म्हणजे त्याच्याच असं नाही, त्याच्या घरात चोरून शिरलेल्या कोणाच्याही.

मग कोणाला काहीच द्यायचं नाही का? तसं नाही करत ती. बसवाल्यांना आपल्या डेपोपर्यंत खासगी वाट हवी होती, तेवढी एकच परवानगी तिनं दिली, तीसुद्धा महिनाभर लक्ष ठेवून. अशा छोट्या परवानगीला ती बादली म्हणते. कचेरीत थट्टा चालायची, “काय हो, बादली मिळाली का, की रिकाम्या हातानं आलात?” आणि ज्याचं बादलीनं भागत नाही त्याला स्वतंत्र बिऱ्हाड. म्हणजे त्याची टाकी वेगळी. आत काय गोंधळ घालायचा तो घाल. पण त्याला यंत्राची जागा जास्त लागते, वेग थोडा कमी पडतो, आणि सामान हलवायला एक दुपार सगळं बंद ठेवावं लागतं.

आता तिचा दीर. मोटार शिकवणाऱ्या शाळा असतात ना, त्यांच्या शिकवणीच्या वेळा ठरवून देणारं काहीतरी तो चालवतो. वहिनीची कंपनी म्हणून तिथंच खोली घेतली, पाहुणा सतरा. चांगलं चाललं होतं. मग त्यानं कुठून तरी नवा प्रोग्रॅम आणला. त्याच्या कागदावर पहिलीच ओळ, ‘सगळे अधिकार द्या.’

फोन केला तिला.

“वहिनी, एका चौकटीत खूण करायची आहे फक्त. मी वाचलंय, अशी चौकट असते.”

“असते. खूण नाही करणार.”

“अहो, ऐकून तरी घ्या!”

“ऐकतेय. प्रोग्रॅमला करायचंय काय, ते सांगा.”

“त्याला सगळे अधिकार हवेत.”

“भाऊजी, मी डॉक्टरला पोट दुखतंय म्हणून सांगते. सगळी औषधं द्या, असं नाही म्हणत.”

शेवटी कळलं की त्या प्रोग्रॅमला त्याच्या खोलीच्या आत आणखी छोट्या खोल्या करायच्या होत्या. तीन दिवस ती त्यावर बसली. दोन बादल्या दिल्या, प्रोग्रॅम उठून बसला. पण एक भाग अडला, त्याला बाहेरची डिस्क आपल्या हातानं जोडून घ्यायची होती, आणि ते टाकीला हात लावल्याशिवाय होत नव्हतं. मग ती म्हणाली, स्वतंत्र बिऱ्हाड देते, गुरुवारी दुपारी बंद ठेवा.

“गुरुवारी शाळांची नोंदणी असते.”

“रविवारी?”

“रविवारी तर झुंबड असते.”

“मग तुम्हीच सांगा वार.”

“वार कशाला सांगू? खूण करा!”

त्याच रविवारी सगळे सासरी जेवायला. ताटं वाढली आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. “घरच्या माणसाचं एवढंसं काम होत नाही हिच्या हातून.”

नन्ना म्हणाली, “कचेरीत ते घरचे नाहीत, पाहुणे आहेत.”

झालं! “पाहुणा? ऐकलंस का रे? सख्ख्या दिराला पाहुणा म्हणते! उद्या मला म्हणेल भाडेकरू!”

“तुम्ही जागा नाही घेतलीत, आई.”

नवरा आपला ताटात बघत बसला. तिचा नवरा ना, वाईट नाही गं, पण भांडणात त्याचा खुर्चीसारखा उपयोग. दीर हसत हसत म्हणाला, “असू दे, आई. वहिनींच्या वरही कोणी आहे की नाही?” ते हसणं मी पाहिलं. मी त्या दिवशी तिथं होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे गिऱ्हाईक गेलं की ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस.

“तुमच्या पाहुण्यांचं काम अडलंय म्हणे.”

“अडलं नाहीये. मी अडवलंय.”

“मॅडम, शुक्रवारपर्यंत मोकळं करा. नाहीतर यजमानाची किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी जाईल. आणि किल्ली गेल्यावर तुम्ही इथं काय करणार, पंख्यानं वारा घालणार?”

म्हणजे नोकरीवरच आलं. सोळा वर्षांची नोकरी. नन्नानं नोंदवही काढली आणि लिहिलं, ‘पाहुणा सतरा. मागणी: सर्व अधिकार. उत्तर: नाही. कारण: मग उरलेल्या एकोणचाळिसांना काय सांगू?’ आणि वही साहेबांपुढे सरकवली, “वाचलं म्हणून सही करा.” साहेबांची सवय अशी की पुढ्यात आलेल्या कागदावर फोनवर बोलता बोलता सही ठोकायची. ठोकली.

बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. ती रजेवर. मी पट्टी बांधून पडलेली, ती शेजारी स्टुलावर, आणि तिकडे कचेरीत तिच्या टेबलाशेजारी चष्मेवाला बसलेला. हा चष्मेवाला पन्नाशीचा, हिशोबखात्यातून नुकताच इकडे बदलून आलेला. अगदी पापभीरू. सांगितलेलं काम दोनदा विचारून करणार. साहेब पॅसेजमधून जाता जाता त्याला म्हणाले, “ती नाहीये तोवर पाहुण्यांना सगळं देऊन टाक.”

आता तूच सांग. आपण नात्यातल्या माणसाला काय म्हणतो? पाहुणे. आणि एकच असला तरी मान देऊन कसं म्हणतो? पाहुण्यांना. साहेबांच्या डोक्यात नन्नाचा दीर. चष्मेवाल्याच्या डोक्यात काय? त्याच्या समोर यादी, वर मोठ्या अक्षरात ‘पाहुणे’, खाली एक ते चाळीस. बिचारा धावत मागे गेला. “साहेब, सगळं?”

“हो रे बाबा, सगळं! नन्नाच्या शेजारी बसून तूही पाढे म्हणायला लागलास काय?”

मग काय. बसला आणि एकेकाची चौकट उघडून खूण करत गेला. एक, दोन, तीन. प्रत्येक पाहुण्याला बंद करून परत चालू करायचं, म्हणून जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. चाळीस झाल्यावर चहा प्यायला आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘साहेबांच्या तोंडी सूचनेप्रमाणे सर्व पाहुण्यांना सर्व अधिकार दिले.’

पाहुणा एकतीस एका बागप्रेमी मंडळाचा होता. दोन वर्षं तिकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि त्यांचा पासवर्ड होता गुलाब एकदोनतीन. त्या खोलीत एक चोर कितीतरी महिने बसून होता. बसून काय करायचा, तर लोकांना फालतू पत्रं पाठवायचा. बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तेवढंच. बुधवारी दुपारी त्याच्या तोंडापुढचा पडदा आपोआप वर गेला. चोरानं हाताला लागलेलं सोडलं असतं तर तो चोर कसला? संध्याकाळपर्यंत तो यजमानाच्या गादीवर.

गुरुवारी सकाळी नऊला नन्ना कचेरीत गेली, तर चाळीसही खोल्यांना आतून कुलपं आणि समोरच्या स्क्रीनवर चोराची चिठ्ठी, पैसे टाका, मग उघडतो. तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. यंत्रापाशी गेली आणि इंटरनेटची वायर उपसली. मागून साहेब ओरडताहेत, “अहो, गिऱ्हाइकं बंद पडतील!”

“पडलीत,” ती म्हणाली.

वाचलं कशानं, तर तिच्याच एका जुन्या ‘नाही’मुळे. दुसऱ्या इमारतीत एक यंत्र आहे, ते रोज सकाळी दहाला येऊन सगळ्यांची नक्कल घेऊन जातं. साहेबांचं म्हणणं होतं की यजमानानंच नक्कल पाठवावी, सोपं पडतं. तिनं नाही म्हटलं होतं. यजमानाला तिकडची वाटच ठाऊक नको. त्यामुळे चोरालाही ती सापडली नाही. बुधवार सकाळपर्यंतचं सगळं शाबूत होतं. नवीन यंत्र मांडून एकेक खोली परत उभी करायला तिला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत दिराचे फोन म्हणजे तोफखाना. “माझ्या शाळावाल्यांना काय तोंड दाखवू? मुद्दाम केलंत! जळता माझ्यावर!” तिनं फोन उपडा ठेवला आणि काम करत राहिली.

पण सगळंच परत येत नाही गं. लॅबमधले लोकांचे तपासणीचे कागद चोरानं वाचले असतील तर ते न वाचलेले कसे होणार? साहेब म्हणाले, कशाला सांगायचं, कोणाला कळणार आहे? तिनं चाळीस पत्रं लिहिली. काय झालं, केव्हा झालं, तुमचं काय गेलं असू शकतं. साहेब म्हणाले, तुमची ही शेवटची पत्रं. ती म्हणाली, असतील, पण पोस्टात पडलीत.

सोमवारी मोठ्या साहेबांपुढे सगळ्यांना बोलावलं. दीरही आला, नुकसान झालेलं गिऱ्हाईक म्हणून, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांनी सरळ बोट दाखवलं. “यजमान यांच्या ताब्यात. पाहुणा यांच्या नात्यातला. यांनी वेळेवर काम केलं असतं तर घाईगडबड झालीच नसती. जबाबदारी यांची.”

दीर म्हणाला, “मी तर घरचा, मलाही सोडलं नाही यांनी.”

नन्नानं चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो घामानं थबथबलेला. “तुम्हाला साहेब काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत सांगा.”

“म्हणाले, पाहुण्यांना सगळं देऊन टाक.”

“पाहुण्यांना म्हणजे यांना!” साहेब दिराकडे हात करून ओरडले. “हे! हे पाहुणे! एवढी अक्कल नको?”

चष्मेवाला रडकुंडीला आला. “साहेब, आपल्याकडे पाहुणे चाळीस आहेत. मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, हो रे बाबा, सगळं.”

कोणीतरी खोकलं. आणि तुझी आत्या, जी कधी दात दाखवत नाही, ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग नोंदवही उघडून मोठ्या साहेबांपुढे ठेवली. वर तिचं ‘नाही’, त्याखाली साहेबांची ‘वाचले’ची सही, आणि खाली चष्मेवाल्याचं सुवाच्य अक्षर.

किल्ली तिच्याकडेच राहिली. उलट लेखी हुकूम निघाला, तिच्या सहीशिवाय कोणालाही जादा अधिकार नाहीत, तोंडी तर नाहीतच. साहेबांनी माफी मागितली नाही. आता ते तिच्याशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. ती म्हणते, बरं आहे, सगळं लेखी राहतं.

पण बाहेर दारात दिरानं तिला गाठलं, आणि काय म्हणाला ऐक. “तुम्ही आधीच माझ्या एकट्याची खूण केली असती, तर हे चाळीस जणांचं झालंच नसतं. म्हणजे शेवटी कोणामुळे झालं?”

ती म्हणाली, “माझ्यामुळे. तुमचा पासवर्ड काय आहे, भाऊजी?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“तुमच्या लेकीचं नाव आणि जन्मसाल. सगळ्या घराला ठाऊक आहे. तो चोर बागवाल्यांकडून आला. तुमच्याकडून यायला त्याला किती वेळ लागला असता?”

तो पाय आपटत गेला. पण तिसऱ्या दिवशी ती माझ्या डोळ्यात थेंब घालताना मला म्हणाली, “आई, त्याचं एवढं खरंय. मी नुसतं नाही म्हणून थांबले. ओढून नेऊन बिऱ्हाड लावून द्यायला हवं होतं. बुधवारच्या आधी.”

मग तिनं तेच केलं. वार विचारत बसली नाही, एक दुपार त्याचं बंद ठेवून त्याला स्वतंत्र बिऱ्हाड मांडून दिलं. त्याची टाकी वेगळी. आत त्याला सगळे अधिकार, डिस्क जोड, खोल्या कर, नाचायचं तर नाच. त्याच्या शाळा चालू आहेत, शिकवण्या ठरताहेत. फक्त त्याच्या मालकीची किल्ली, म्हणजे नवा पासवर्ड, तिनं फोनवर सांगायला नकार दिला, निरोपानं पाठवायलाही नकार दिला. कागदावर लिहून पाकिटात बंद केला आणि म्हणाली, समोर येऊन सही करून न्या. आणि हा शहाणा म्हणतो, आधी वहिनीनं माफी मागावी, मग पाकीट घेईन. तोवर गावभर सांगत सुटलाय, मला माझ्याच खोलीबाहेर उभं केलं. त्यातलं तू ऐकून आलीस.

तिला मी म्हटलं, माफीचं तुमचं तुम्ही बघा, पाकीट माझ्याकडे दे. पहिल्यांदा काय म्हणाली? नाही. मग म्हणाली, कोणाच्या हाती देणार ते सांग. तुझं नाव सांगितलं तेव्हा कुठे दिलं.

तर हे घे. वर डिंक लावून आडवी सही केली आहे तिनं, फाटलं तर कळतं. तू त्याच्या घरी जा आणि हे त्याच्या हातात दे. सासूबाई दारात येतील, द्या इकडे म्हणतील, देऊ नकोस. मेजावर ठेव म्हणाला तर ठेवू नकोस. सांग, आजीनं पाठवलंय, उघडल्यावर लगेच आपला दुसरा पासवर्ड घाल, आणि पोरीचं नाव नको. चिडला तर चिडू दे. आणि हा दुसरा कागद, यावर सही घे. सही झाल्याशिवाय पाकीट हातातून सोडू नकोस.